पगाराच्या चिठ्ठीतले अडीच हजार

पगाराच्या चिठ्ठीत ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे बरोबर २,५०० होतात. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून ही ओळ मी बघत आलो आणि तिच्यापाशी कधी थांबलो नाही. आमच्या कार्यालयातल्या लिपिकाचे २,५०० कापले जातात, प्राचार्यांचे तेवढेच, आणि मुंबईत कोट्यवधींचा पगार घेणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाचेही तेवढेच. गेल्या फेब्रुवारीत नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने सहज विचारले, “सर, याच महिन्यात शंभर जास्त का?” त्याला उत्तर देता देता माझ्या लक्षात आले, की केंद्र आणि राज्य यांच्यात सत्ता कशी वाटली गेली आहे हे सांगायला एवढी एक ओळ पुरते.

२,५०० हा आकडा महाराष्ट्राने ठरवलेला नाही. तो राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये लिहिलेला आहे. व्यवसाय, व्यापार, नोकरी यांवर कर बसवण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला, पण वरची मर्यादाही घालून दिली: माणशी वर्षाला २५० रुपये. प्राप्तिकर केंद्राचा, तेव्हा राज्यांनी व्यवसाय कराच्या नावाने दुसरा प्राप्तिकर उभा करू नये, असा त्यामागचा विचार. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २,५०० झाली आणि तिथेच राहिली. केंद्र आणि राज्ये यांच्यात करांची वाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगांपैकी चौदाव्याने ती १२,००० करा म्हटले, पंधराव्याने १८,०००. संसदेने हात लावला नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेतले सगळे २८८ आमदार एका बाजूला उभे राहिले तरी हा कर एका रुपयाने वाढवता येत नाही.

हा कर महाराष्ट्रात आला कशासाठी, ते आज फार थोड्यांना आठवते.

१९७३ च्या उन्हाळ्यात माझी आई माणदेशातल्या आमच्या गावाजवळ पाझर तलावाच्या कामावर होती. लग्नाला दोन वर्षे झाली होती. सकाळी मुकादम मस्टरवर हजेरी घ्यायचा, दुपारी सुकडी हा कोरडा आहार मिळायचा, संध्याकाळी मोजमाप. खडी फोडताना उडालेल्या चिपेचा व्रण तिच्या डाव्या भुवईवर अजून आहे. मध्येच एकदा काम बंद पडले, तेव्हा गावातल्या तीस-चाळीस बायका रस्त्यावर जाऊन बसल्या आणि तहसीलदाराची जीप अडवली. तिसऱ्या दिवशी काम सुरू झाले. त्या वर्षी मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. बहात्तरच्या दुष्काळाने महाराष्ट्राला खूप काही हिरावून नेले, पण मागेल त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे, ही गोष्टही त्या दुष्काळानेच इथल्या मातीत पक्की केली.

कल्पना त्याआधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात तिचा प्रयोग केला होता. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही त्यामागे होते. पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९७५ चा व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराने, वकिलाने, दुकानदाराने थोडे द्यायचे, तेवढीच भर राज्याने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला काम द्यायचे. शहर आणि खेडे यांच्यातला हा करार एकाच विधिमंडळात झाला, एकाच सरकारने तो अंमलात आणायचा होता, आणि काम निघाले नाही तर कोणाची जीप अडवायची हे माझ्या सातवीसुद्धा न शिकलेल्या आईला ठाऊक होते. पुढे या निधीतला पैसा पडून राहिला, इतरत्र वळवला गेला, अशी टीकाही झाली. ती टीका करायलाही पत्ता एकच होता. माझा सगळा मुद्दा या पत्त्याचा आहे.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय रोजगार हमी कायदा केला. महाराष्ट्रात रुजलेली गोष्ट देशाची झाली, याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. बिहार, झारखंड, ओडिशातल्या मजुराला जे त्याचे राज्य देऊ शकले नसते ते दिल्लीने दिले. अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने उचलला. आमच्याकडे मात्र एक बदल झाला. राज्याच्या कायद्यात दिवसांना मर्यादा नव्हती. केंद्राची हमी कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची. त्यापुढचे दिवस राज्याने आपल्या खिशातून द्यायचे. मजुरीचा दर दिल्लीत ठरू लागला, हजेरी ॲपवर लागू लागली, पैसे थेट खात्यात येऊ लागले. खात्यात पैसे येणे चांगलेच. मुकादमाची कट गेली. पण पैसे आले नाहीत तर ग्रामसेवक पंचायत समितीकडे बोट दाखवतो, पंचायत समिती मुंबईकडे आणि मुंबई दिल्लीकडे. जीप अडवायची तर कोणाची? पश्चिम बंगालमध्ये मार्च २०२२ पासून केंद्राने या कामांचा निधी थांबवला. कारण गैरव्यवहाराचे सांगितले गेले, आणि ते खरे असेलही. पण ज्या बाईने खरोखर खड्डा खणला तिने त्या भांडणात काय केले होते? कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये काम पुन्हा सुरू करायला सांगेपर्यंत तीन वर्षे गेली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे त्या २००५ च्या कायद्याच्या, जागी नवा कायदा आणला. दिवस १०० चे १२५ केले, हे ऐकायला बरे वाटते. पण मजुरीसह खर्चाची वाटणी बहुतेक राज्यांसाठी ६०:४० झाली आणि कोणत्या राज्याला किती निधी ते केंद्र आधी ठरवणार. त्यापलीकडे खर्च गेला तर तो राज्याचा. दिवस किती ते दिल्ली ठरवणार, अटी दिल्लीच्या, नाव दिल्लीचे, आणि बिलातला चाळीस टक्के वाटा राज्याचा. आता परत व्यवसाय कराकडे बघा. हा चाळीस टक्के वाटा उभा करायला महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी जो मार्ग शोधला होता, त्यावर दिल्लीनेच १९८८ चे कुलूप लावून ठेवले आहे. जबाबदारी खाली पाठवायची आणि किल्ली वर ठेवायची, या व्यवहाराला मी संघराज्य म्हणायला तयार नाही.

त्याच पगाराच्या चिठ्ठीत प्राप्तिकराची ओळ आहे. त्या करावर ४ टक्के ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ लागतो. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्यसूचीतला, म्हणजे घटनेने राज्यांकडे दिलेला विषय. शिक्षणही १९७६ पर्यंत राज्यांकडेच होते; बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीत, ते वने आणि वजन-मापांसोबत समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेले. आजही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेचा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार मुख्यतः राज्यच देते. पण त्यांच्या नावाने घेतलेला हा उपकर राज्यांशी वाटून घेण्याच्या पेटीत पडत नाही. घटनेच्या कलम २७० प्रमाणे उपकर आणि अधिभार हे केंद्राचे एकट्याचे. वित्त आयोगाने केंद्रीय करांपैकी ४१ टक्के राज्यांना द्या म्हटले, की ते ४१ टक्के पेटीत जेवढे आहे त्याचे. पेटीबाहेर किती ठेवायचे हे केंद्राच्या हाती. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर केंद्राचा कर लिटरमागे ३२.९० रुपये होता. त्यातले पेटीत पडणारे मूळ उत्पादन शुल्क १.४० रुपये. बाकीचे ३१.५० विशेष शुल्क आणि उपकर. नंतर एकूण दर बराच खाली आला, तरी वाटणीची ही तऱ्हा तीच राहिली.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण या विषयावर मराठीत बोलायला लागले की लगेच हिशेब मांडला जातो: महाराष्ट्र एवढे देतो आणि त्याला एवढेच परत मिळते. तो हिशेब मला पटत नाही. मुंबईत भरला जाणारा प्राप्तिकर आणि कंपनी कर मुंबईत जमा होतो, कारण कंपन्यांची मुख्य कार्यालये तिथे आहेत. नफा देशभरातल्या गिऱ्हाइकांकडून येतो आणि मुंबईच्या इमारती बांधायला बिहार, उत्तर प्रदेशातून माणसे येतात. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला दिले आणि बिहारला १०.०५८. बिहारला जास्त मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. गरीब राज्याला जास्त मिळावे, ते वित्त आयोगाच्या उघड सूत्राने मिळावे आणि ते त्या राज्याला आपल्या मर्जीने खर्चता यावे. उपकराने यातले काहीच होत नाही. तो बिहारलाही मिळत नाही आणि महाराष्ट्रालाही नाही. मिळतो तो योजनेच्या रूपाने, अटींसह, फलकावरच्या फोटोसह.

वस्तू व सेवा कराचे तसेच. १ जुलै २०१७ ला राज्यांनी विक्रीकर सोडला, मुंबईची जकात गेली. बदल्यात वस्तू व सेवा कर परिषदेत जागा मिळाली. परिषदेत केंद्राचे मत एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे केंद्राला नको असेल तर काहीही होत नाही. उलट राज्यांना काही अडवायचे तर, सगळे सदस्य हजर असल्यास, बारा राज्ये एकत्र यावी लागतात, आणि तिथे महाराष्ट्राचे मत सिक्कीमएवढेच. महसूल घटला तर केंद्राने राज्यांना द्यायच्या पाच वर्षांच्या नुकसानभरपाईची मुदत जून २०२२ मध्ये संपली. आता राज्याच्या हातात स्वतःचे म्हणून उरले काय? दारू, पेट्रोल-डिझेल, घरखरेदीचे मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क, आणि कुलूपबंद व्यवसाय कर. सरकार कोणत्याही पक्षाचे येवो, पैशांची चणचण भासली की त्याचा डोळा दारूवर आणि जमिनीवर का जातो, ते या यादीतच दिसते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सांगितले. कायद्याच्या भाषेत ही मोठी गोष्ट होती. पण वेगळी वाट धरायची हिंमत कोणत्याही राज्याने केली नाही.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्र पेटला आणि जून संपता संपता सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. मी त्यात होतो, आणि पुन्हा वेळ आली तर असेन. पण भाषेसाठी आपण जेवढे जागे असतो तेवढे पैशासाठी नसतो. मुलाने पहिलीत काय शिकावे हे इथे ठरावे, असा आग्रह धरायचा असेल, तर त्या पहिलीच्या वर्गाचे छप्पर दुरुस्त करायचा पैसाही इथेच उभा करता आला पाहिजे.

आता ‘इथे’ म्हणजे कुठे? मुंबईला दिल्लीकडून जे हवे आहे, ते मुंबईने खाली कोणाला दिले आहे का?

एके काळी दिले होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. शाळा, आरोग्य केंद्रे, रस्ते, शेतीची कामे त्यांच्याकडे गेली. आमदार-खासदारांना परिषदेच्या सदस्यत्वापासून मुद्दाम दूर ठेवले, जिल्ह्यात नवे नेतृत्व उभे राहावे म्हणून. ते उभे राहिलेही. त्यानंतर मात्र गंगा उलटी वाहत गेली. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी घटनेला जोडली, पण ते विषय प्रत्यक्षात किती द्यायचे हे राज्यांवर सोडले. राज्यांनी दिले ते हात राखून. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेले असावेत असे घटना सांगते. महाराष्ट्रात तिच्या अध्यक्षपदी राज्याने पालकमंत्री बसवला. मुंबई महापालिकेत कारभाराचा खरा अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. ही रचना १८८८ च्या कायद्याची आहे. इंग्रजांनी नगरसेवकांवर विश्वास ठेवला नाही हे समजू शकते. आपण स्वातंत्र्याच्या पाऊणशे वर्षांनंतरही तोच अविश्वास जपून ठेवला आहे.

सगळ्यात मोठा आघात निवडणुकांचा. पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे घटनेत स्वच्छ लिहिले आहे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. छत्रपती संभाजीनगरमध्ये एप्रिल २०२० पासून प्रशासक होता. निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला, तीही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न खरा होता, त्याला वेळ लागणारच होता. पण प्रभागात एक सदस्य, मग तीन, मग चार. मुंबईत जागा २२७ च्या २३६ आणि पुन्हा २२७. सरपंच थेट निवडायचा, नाही निवडायचा, पुन्हा निवडायचा. हे सगळे खेळ राज्याच्या पातळीवर, सत्ता बदलेल तसे झाले आणि त्यात कोणताही पक्ष मागे राहिला नाही. समजा दिल्लीने महाराष्ट्राची विधानसभा चार वर्षे बंद ठेवली असती आणि राज्यपालाने कारभार हाकला असता, तर आपण काय केले असते? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर राष्ट्रपती राजवट लावताना केंद्राला दहादा विचार करावा लागतो. पालिकेसाठी आणि जिल्हा परिषदेसाठी असा धाक नाही.

या सगळ्याला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवाला कडाडून विरोध केला होता. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर, असे त्यांचे मत होते, आणि ज्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्या अनुभवातून ते आले होते. सत्ता गावाकडे द्या म्हणणाऱ्याला याचे उत्तर द्यावेच लागते. माझे उत्तर माझ्या आईच्या मस्टरमध्ये आहे. त्या मस्टरवर दलित वस्तीतल्या बायकांची नावे होती आणि मजुरी सगळ्यांना एकाच दराने होती, कारण काम ही पाटलाची मेहेरबानी नव्हती. हक्काची हमी वरूनच यायला हवी: राज्यातून, गरज पडली तर संसदेतून. १९९२ नंतर पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना राखीव जागा मिळाल्या, त्याही वरूनच. पण तलाव कुठे खणायचा, आधी रस्ता की आधी बांध, पैसा कोणत्या महिन्यात लागेल, हे दिल्लीने किंवा मंत्रालयाने ठरवायचे काही कारण नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची घोषणा सगळ्यांना माहीत आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो २००६ च्या केंद्रीय कायद्याने. हक्क मिळूनही बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना काही मिळेना. परवान्याचे पुस्तक राज्याच्या वनखात्याकडे. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. एक पावती पुस्तक गावाच्या हाती पडायला दोन सरकारांनी गावात यावे लागले. केरळमध्ये १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याने नियोजनाच्या निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना दिला. तिथे आणि तमिळनाडूत व्यवसाय करही पंचायती आणि पालिका गोळा करतात. महाराष्ट्रात तो राज्याच्या तिजोरीत जातो.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे आहे. दिल्लीने कलम २७६ मधली मर्यादा काढावी आणि उपकरांना आळा घालावा. मुंबईने त्या मोकळ्या झालेल्या करातला ठरलेला वाटा, कोणत्याही मंत्र्याच्या सहीशिवाय, ग्रामपंचायतींना आणि पालिकांना द्यावा. पहिली मागणी करताना आपला आवाज चढतो आणि दुसरी करताना बसतो, हे मला मान्य नाही.

आई जिथे खडी फोडत होती तो पाझर तलाव अजून आहे. गाळाने निम्मा भरला आहे आणि दक्षिणेकडच्या भरावातून दोन वर्षांपासून पाणी झिरपते. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असेल तर तलाव जिल्हा परिषदेचा, त्याहून मोठा असेल तर राज्याच्या जलसंधारण खात्याचा, आणखी मोठा असेल तर जलसंपदा खात्याचा, अशी विभागणी आहे. आमच्या तलावाची मूळ कागदपत्रे कुठे आहेत ते कोणी सांगत नाही. तीन कार्यालयांनी तो आपला नसल्याचे सांगून झाले आहे. गेल्या आठवड्यात सरपंचबाई आमच्या घरी आल्या होत्या, अर्ज लिहून घ्यायला. तलावाची लांबी, भरावाची उंची, झिरप्याची जागा, खाली भिजणाऱ्या विहिरींची संख्या, सगळे मी लिहून दिले. पाणी किती जायचे, कधी वाढायचे, हे आईने सांगितले. अर्ज टेबलावर आहे. ‘प्रति’ या शब्दापुढची जागा अजून कोरी आहे.